कॉलिन्सपोर्ट: एक गाव 172 वर्षं मागे नेताना

शुक्रवार, 17 नोव्हेंबर 1967. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 'डार्क शॅडोज' या रोजच्या मालिकेचा 365वा भाग चालू आहे. कॉलिनवुड नावाच्या हवेलीत घरची मंडळी टेबलाभोवती हाताला हात लावून बसली आहेत आणि सारा कॉलिन्स या कधीच मेलेल्या लहान मुलीच्या आत्म्याला बोलावत आहेत. दिवे जातात. उजेड परत येतो तेव्हा व्हिक्टोरिया विंटर्स या गव्हर्नेसच्या (घरात राहून मुलांना शिकवणारीच्या) खुर्चीत भलतीच बाई बसलेली असते, अंगावर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे कपडे. ती फिलिस विक. तिच्या जागी व्हिक्टोरिया तिच्या काळात जाऊन पडली आहे. सोमवारी, 20 नोव्हेंबरला 366वा भाग उघडतो तो थेट 1795 सालात. पुढचे 19 आठवडे, 1 एप्रिल 1968 पर्यंत, मालिका तिथेच राहते.

मालिकांच्या धंद्यात 'लीप' हा शब्द रोजचा आहे. पाच वर्षांचा लीप, वीस वर्षांचा लीप. मुलं मोठी होतात, नायिकेच्या केसांत एक पांढरी बट येते, गाडी पुढे निघते. इथे लीप मागे होता आणि तो एका कुटुंबाचा नव्हता, अख्ख्या गावाचा होता. ज्या गावाबद्दल जवळपास दीड वर्ष रोज काही ना काही सांगून झालं होतं, तेच गाव आता डोळ्यांसमोर उभं करून दाखवायचं होतं. सांगणं आणि दाखवणं यांत जे अंतर असतं ते या प्रकरणात जितकं उघडं पडतं तितकं क्वचितच कुठे पडत असेल. म्हणून हा प्रसंग निवडला.

गाव कशाचं बनलं होतं

कॉलिन्सपोर्ट काल्पनिक आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यावर ते कल्पिलेलं आहे. मालिकेतले लोक कामाला, कागदपत्रांना, डॉक्टरला जातात ते बँगोर शहर मात्र खरं आहे, पेनॉब्स्कॉट नदीकाठचं. गावाची मिळकत मासळीची. कॉलिन्स घराण्याचा मासेमारीचा ताफा आहे आणि मासळी डबाबंद करायचा कारखाना आहे. अर्ध्याहून अधिक गाव त्यांचंच मीठ खातं. ही निवड नीट विचार करून केलेली होती. मेनच्या किनाऱ्यावर सार्डिनचा धंदा खराच होता. अमेरिकेतला पहिला सार्डिन कारखाना त्याच राज्यातल्या ईस्टपोर्टला 1870 च्या दशकात निघाला, आणि देशातला शेवटचा, प्रॉस्पेक्ट हार्बरचा, 2010 मध्ये बंद झाला. (मेनची 'सार्डिन' म्हणजे मुळात लहान हेरिंग. डब्यात गेली की तिचं नाव बदलतं.) किनाऱ्यावरची हवेली, खाली बंदर आणि दोघांच्या मधे पगार: एवढ्यावर गाव उभं राहिलं.

पडद्यावर मात्र गावाच्या जागा मोजक्याच. कॉलिन्सपोर्ट इन नावाची लॉज आणि तिच्या तळमजल्यावरचं कॉफी शॉप, जिथे मॅगी इव्हान्स कप भरत असते. ब्लू व्हेल नावाचा गुत्ता, त्यात एक ज्यूकबॉक्स आणि बहुतेक वेळा मुकाच राहणारा बारवाला. मॅगीचा बाप चित्रकार, त्याची समुद्राजवळची झोपडी. शेरीफचं ऑफिस. धक्का. ईगल हिलची दफनभूमी आणि तिच्यातलं कॉलिन्स घराण्याचं दगडी समाधीगृह. वर हवेली, हवेलीच्या मागच्या रानात ओसाड पडलेलं 'ओल्ड हाउस', आणि समुद्रावर झुकलेला विडोज हिल हा कडा. दर्यावर गेलेले नवरे परत आले नाहीत अशा बायकांचा टाहो तिथल्या वाऱ्यात ऐकू येतो, अशी गावात समजूत.

रस्ता कुठेच नाही. चौक नाही, बाजार नाही, चर्चच्या दारात जमलेली माणसं नाहीत. एका दारातून बाहेर पडायचं, दुसऱ्या दारातून आत यायचं, मधलं चालणं प्रेक्षकाने मनात भरायचं. प्रेक्षकाने ते भरलंही, कारण अंतरं पक्की होती. हवेलीतून गावात जायचं तर गाडी लागते. पायी जायचं तर रान ओलांडावं लागतं. ओल्ड हाउसपर्यंत चालत जाता येतं पण रात्री जाऊ नये. कड्यावर कोणीच जाऊ नये आणि सगळे जातात. शेरीफला फोन केला तर तो यायला वेळ लागतो. नकाशा कोणी कधी दाखवला नाही, पण महिनाभर मालिका पाहिलेल्या माणसाला तो काढता आला असता.

चार भिंती आणि एक दिवस

हे सगळं न्यू यॉर्कमध्ये, मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत घडत होतं. सुरुवातीला 67व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत आणि नंतर 53व्या रस्त्यावर, हडसन नदीकडच्या बाजूच्या स्टुडिओत. निर्माता डॅन कर्टिस. कथेचा मूळ आराखडा आर्ट वॉलेसचा, नेपथ्य साय टोमाशॉफचं, संगीत रॉबर्ट कोबर्टचं. दिग्दर्शनात लेला स्विफ्ट आणि जॉन सेडविक हे मुख्य. मालिका सुरू झाली 27 जून 1966 ला.

पद्धत अशी: रोज एक भाग. सकाळी तालीम, मग कॅमेऱ्यांसह हालचाली, मग रंगीत तालीम, आणि दुपारी जवळपास थेट प्रक्षेपणासारखं सलग चित्रण. भाग साधारण 22 मिनिटांचा. त्या काळची दोन इंची व्हिडिओ टेप कापून जोडणं महाग आणि किचकट होतं. त्यामुळे चूक झाली तरी टेक थांबत नसे. ज्या चुका या मालिकेच्या नावाला कायमच्या चिकटल्या त्या इथून आल्या: चौकटीत उतरलेला बूम माइक, दार आपटलं की हलणारी हवेलीची भिंत, धक्का लागून डुलणारी थडगी, मागून जाणारा कामगार, संवाद विसरून टेलिप्रॉम्प्टरकडे गेलेली नजर. नट घाबरले तर ते भुताला घाबरले की विसरलेल्या ओळीला, हे कधीकधी सांगता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 22 मिनिटं न थांबता काम करणाऱ्या नटांच्या अंगात नाटकाचा ताण येतो, आणि भीतीच्या कथेला तो ताण मानवला.

या पद्धतीचा गावावर थेट परिणाम झाला. एका दिवसात स्टुडिओत चार-पाचच सेट लावता येत आणि बहुतेक भागांत बोलणारी पात्रं पाच-सहा. म्हणजे कुठल्याही एका दिवशी कॉलिन्सपोर्टमध्ये पाच-सहाच माणसं. गर्दी परवडत नव्हती. गाव निर्जन वाटतं ते आधी पैशामुळे, मग शैलीमुळे.

उघड्यावरची दृश्यं आधीच, 1966 मध्येच, फिल्मवर घेऊन ठेवली होती. कॉलिनवुडचं बाहेरचं रूप म्हणजे ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा सीव्ह्यू टेरेस हा वाडा. एडसन ब्रॅडली या मद्य-व्यापाऱ्याने आपलं वॉशिंग्टनमधलं घर सोडवून 1920 च्या दशकात तो तिथे नेऊन वाढवला होता. लॉजचं बाहेरचं दर्शन कनेटिकटमधल्या एसेक्सच्या ग्रिसवोल्ड इनचं. ओल्ड हाउस म्हणून दिसते ती न्यू यॉर्क राज्यातल्या टॅरीटाउनची ओसाड हवेली, जी पुढे 1969 मध्ये आगीत गेली. म्हणजे मेनमधलं हे गाव तीन राज्यांतून गोळा केलेलं, आणि त्या तिघांत मेन नाही.

आपल्याकडे 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये आली तेव्हा सिंधुदुर्गातल्या आकेरीचा खरा वाडा, खरं परसू, खरी पायवाट कॅमेऱ्यासमोर होती. पावसाचं पाणी खऱ्या कौलांवरून गळत होतं. तिथे गाव आधी होतं, भीती त्यात शिरली. कॉलिन्सपोर्टमध्ये उलट होतं. भीतीला जेवढं गाव लागलं तेवढंच बांधलं गेलं.

ऑगस्ट 1967 मध्ये 295व्या भागापासून मालिका रंगीत झाली आणि फिल्मवर घेतलेला कृष्णधवल साठा एका दिवसात निकामी झाला. रंगीत खोलीतून बाहेर पडलेला माणूस करड्या रस्त्यावर दाखवता येत नाही. त्यानंतर बाहेरचं गाव आणखी आटलं. त्याची भरपाई आवाजाने केली: लाटा, धुक्यातला भोंगा, पाण्यावर हलणारी घंटा, वारा, आणि बार्नबस कॉलिन्स हा मालिकेतला व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारा जिवंत मुडदा, शवपेटीतून उठला की गावभर रडणारी कुत्री. कड्याचा सेट म्हणजे एक उंचवटा, मागे पडदा आणि पंख्याचा वारा. खाली समुद्र आहे हे फक्त कानाला कळतं.

देणं किती झालं होतं

1795 ला जाण्याआधी गावाच्या भूतकाळाबद्दल काय काय बोलून झालं होतं ते मांडून पाहिलं तर लेखकांपुढची अडचण दिसते.

1966 च्या भागांत असं सांगितलं होतं की कॉलिनवुड हवेली जेरेमिया कॉलिन्सने 1830 मध्ये बांधली, फ्रान्सहून आणलेल्या आपल्या बायकोसाठी. ती बायको जोसेट. ती दुःखी होती, तिने विडोज हिलवरून उडी टाकली आणि तिचं भूत ओल्ड हाउसमधल्या आपल्या तसबिरीतून खाली उतरतं. हा सगळा भाग व्हॅम्पायर येण्याच्या आधीचा. तेव्हा मालिका एका गव्हर्नेसची, एका घराच्या तळघरातल्या बंद खोलीची आणि कॉलिन्सांवर डूख धरलेल्या बर्क डेव्हलिनच्या सुडाची होती. भुतं अधूनमधून येत.

एप्रिल 1967 मध्ये विली लूमिस हा भुरटा दागिन्यांच्या आशेने समाधीगृहातली साखळदंडाने बांधलेली पेटी उघडतो आणि बार्नबस बाहेर येतो. बार्नबस रंगवणाऱ्या जोनाथन फ्रिडचं काम थोड्या आठवड्यांसाठी ठरलं होतं. लोकांनी त्याला जाऊ दिलं नाही. आता या माणसाला भूतकाळ हवा झाला. तो स्वतःला इंग्लंडहून आलेला लांबचा भाऊ म्हणवतो. हवेलीच्या दालनात त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पूर्वजाची तसबीर लटकते, आणि घरची आख्यायिका अशी की तो पूर्वज इंग्लंडला निघून गेला. (ही तसबीर आधीच्या नऊ महिन्यांत कोणाच्या तोंडी नव्हती. ती एका आठवड्यात भिंतीवर आली आणि पहिल्यापासून तिथेच होती असं सगळे वागू लागले.) समाधीगृहातल्या साराच्या पाटीवर 1786–1796 अशी सालं आहेत. बार्नबस तिचा भाऊ, म्हणजे तोही त्याच काळातला. आणि त्याचं जोसेटवर प्रेम होतं, जी जेरेमियाची बायको.

इथे गणित फसतं. जोसेट 1795 च्या सुमाराची असेल तर 1830 ची हवेली तिच्यासाठी कशी बांधली? रोज एक भाग टेप होत असताना आणि प्रेक्षकाकडे मागचा भाग परत पाहायची काहीच सोय नसताना असली तफावत खपून जाते. 'सांगितलं' तोवर ती खपते. 'दाखवलं' की एकच उत्तर निवडावं लागतं.

निवड

लेखकांनी दगडाला मान दिला, माणसाच्या बोलण्याला नाही. साराच्या पाटीवरचं साल कॅमेऱ्यात दिसलेलं होतं, ते धरलं. 1830 हे फक्त कोणीतरी बोललं होतं, ते सोडलं. मग 1795 मध्ये हवेली नुकती उभी राहते आहे आणि कुटुंब अजून ओल्ड हाउसमध्ये राहतं, असं ठरलं.

हा निर्णय नेपथ्याच्या दृष्टीने सोन्यासारखा होता, आणि या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. सव्वा वर्ष प्रेक्षकांनी ओल्ड हाउस पडकं पाहिलं होतं: कोळिष्टकं, तुटके झरोके, मेणबत्त्या, कारण तिथे वीज नाही. बार्नबसने त्याची थोडी डागडुजी केलेलीही पाहिली होती. आता तेच दालन, तोच जिना, तीच चूल, पण नवं कोरं, माणसांनी भरलेलं, नोकर ये-जा करताहेत. एकही नवी भिंत न बांधता 172 वर्षं मागे गेल्याचा अनुभव मिळतो, कारण बदल प्रेक्षकाच्या ओळखीच्या वस्तूत झालेला असतो. अनोळखी 1795 दाखवलं असतं तर ते फक्त जुन्या कपड्यांचं नाटक झालं असतं. ब्लू व्हेलच्या जागी त्या काळचा ईगल हा गुत्ता आला. ज्यूकबॉक्स गेला, टेबलं राहिली. धक्का तर काळाला पक्का, फक्त कंदील बदलले. दफनभूमीत थडगी कमी झाली.

नटांचंही तसंच. कंपनी तीच ठेवली. जोन बेनेट आता हवेलीची मालकीण एलिझाबेथ नाही, नाओमी कॉलिन्स. लुई एडमंड्स एलिझाबेथचा भाऊ रॉजर याच्याऐवजी नाओमीचा करारी नवरा जोशुआ. कॉफी शॉपमधली मॅगी म्हणजे कॅथरिन ली स्कॉट, ती झाली जोसेट. हा सर्वांत हुशार बदल: 1967 च्या उन्हाळ्यात बार्नबसने मॅगीला पळवून नेऊन जोसेट बनवायचा प्रयत्न केला होता, तो का, हे आता शब्दावाचून कळतं. ग्रेसन हॉल जोसेटची आत्या नताली, जोएल क्रोदर्स लेफ्टनंट फोर्ब्स, डेव्हिड हेनेसी पुन्हा घरातला लहान मुलगा. बर्क डेव्हलिनची भूमिका मिचेल रायनकडून अँथनी जॉर्जकडे गेली होती आणि लोकांना ती रुचली नव्हती. बर्कला विमान अपघातात मारून जॉर्जला जेरेमिया केलं. बदललेली नव्हेत ती मोजकीच: बार्नबस आणि सारा, कारण ते तेच आहेत, आणि व्हिक्टोरिया, कारण ती पाहुणी आहे.

ओळखीचा चेहरा अनोळखी नावाने समोर येतो तेव्हा व्हिक्टोरिया दचकते आणि कोणालातरी 'मॅगी' म्हणून हाक मारते. प्रेक्षकही तेच करत असतो. पण अडचण इथूनच सुरू होते, कारण ही बाई सगळ्यांना भलत्या नावाने का ओळखते, असा प्रश्न 1795 मधल्या लोकांना पडतो.

गाव तिच्यावर का उलटलं

व्हिक्टोरियाबरोबर भूतकाळात दोन गोष्टी आल्या: अंगावरचे 1967 चे कपडे आणि हातातलं कॉलिन्स घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक. कथेचं सगळं वजन या पुस्तकावर आहे. कोण कधी मरणार ते त्यात छापलेलं आहे. तिने ते जाळून टाकायला हवं होतं. तिने ते ठेवलं, वाचलं आणि माणसांना सावध करायला गेली. ज्याला ती सावध करते तो मरतो. मग गावाचा तर्क सरळ आहे.

अबिगेल ही घरातली कर्मठ बाई रेव्हरंड ट्रास्कला बोलावते, तो चेटकीण शोधून काढणारा. खरी चेटकीण घरातच आहे, नतालीबरोबर मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरून आलेली दासी अँजेलिक. लारा पार्करने रंगवलेलं हे पात्र 1967 आधी कोणाच्या बोलण्यातही नव्हतं. बार्नबसने तिला एकेकाळी जवळ केलं आणि मग जोसेटशी लग्न ठरवलं. तिच्या मंत्राने जोसेट आणि जेरेमिया एकमेकांवर भाळतात, पळून जाऊन लग्न करतात, आणि द्वंद्वात बार्नबस आपल्याच काकाला गोळी घालतो. पुढे बार्नबस अँजेलिकवर गोळी झाडतो, ती मरता मरता शाप देते आणि वटवाघूळ त्याच्या गळ्याला लागतं. संशय मात्र परक्या व्हिक्टोरियावर. तिच्यावर खटला चालतो, पुस्तक पुराव्यात येतं, फाशीची शिक्षा होते.

इथे इतिहासाच्या दृष्टीने मोठी खोट आहे आणि ती लपवू नये. सेलमचे चेटूक-खटले 1692 चे. 1795 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेच्या या ईशान्य भागात) चेटकासाठी कोर्टाने कोणाला फाशी दिलं असतं हे संभवत नाही. शिवाय 1795 मध्ये मेन हे वेगळं राज्यच नव्हतं, ते मॅसॅच्युसेट्सचा भाग होतं. राज्य झालं 1820 मध्ये. अमेरिकेची राज्यघटना लागू होऊन सहा वर्षं झाली होती. एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर ठेवली: शिक्षा फाशीची, जाळण्याची नाही. सेलममध्येही कोणाला जाळलं नव्हतं, हे अमेरिकेतल्याच कितीतरी लोकांना माहीत नसतं.

ही खोट कथेला बाधली का? माझ्या मते नाही, आणि कारण गावाच्या बांधणीत आहे. कॉलिन्सपोर्टमध्ये रस्ता नाही, बाहेरून कोणी येत नाही, वर्तमानपत्र नाही. जगापासून तुटलेल्या जागेत कायदा शंभर वर्षं मागे राहिला असेल, हे प्रेक्षक मान्य करतो. पाच-सहा माणसांचं गाव इथे कामी आलं. तीच पाच-सहा माणसं साक्षीदार, तीच शेजारी, तीच न्यायालय. पळून जायला वाट दिसतच नाही, कारण वाटेचा सेट कधी बांधलाच नव्हता.

जुळलेले आणि तुटलेले सांधे

सर्वांत चांगला सांधा इंग्लंडचा. बार्नबस व्हॅम्पायर झालेला पाहून त्याचा बाप जोशुआ त्याला मारू शकत नाही. बेन स्टोक्स या नोकराच्या मदतीने तो मुलाला पेटीत घालून साखळदंड घालतो, समाधीगृहातली गुप्त खोली बंद करतो आणि गावाला सांगतो की बार्नबस इंग्लंडला गेला. एप्रिल 1967 मधला एक सोयीचा खोटेपणा इथे बापाच्या लाजेने आणि मायेने भरलेला निघतो. भिंतीवरच्या तसबिरीखालची आख्यायिका म्हणजे बापानं उच्चारलेलं खोटं, 172 वर्षं टिकलेलं. हे आधी ठरलेलं नव्हतं. पण एक उघडी राहिलेली फट पाहून तिच्यात बरोबर बसणारा दगड घडवला गेला, आणि रोज लिहिणाऱ्या माणसाचं कसब हेच असतं.

दुसरा सांधा कड्याचा. पहिल्या आठवड्यांपासून विडोज हिलची नुसती चर्चा होती. तिथे जोसेट पडली हे सगळ्यांना पाठ होतं. फेब्रुवारी 1968 मध्ये ती पडताना दिसते. बार्नबस तिला आपल्यासारखी करून घ्यायला बोलावतो. अँजेलिक तिला तिचंच पुढचं रूप दाखवते, दात आणि पांढराफटक चेहरा. जोसेट मागे सरते, आणि मागे कडा आहे. प्रेक्षकाला शेवट माहीत आहे, तरी पाहवत नाही. 'दुःखी बायको' ही 1966 मधली एक ओळ होती. तिचं कारण पुरतं बदललं, नवरा बदलला नाही, जागा बदलली नाही. जागा न बदलल्यामुळे कारण बदललेलं चाललं.

तुटलेले सांधे बरेच. हवेलीचं 1830 तसंच लटकत राहिलं. फ्रान्सहून आणलेली जोसेट आता मार्टिनिकची झाली. वाढत्या वयाचा जेरेमिया पुन्हा तरुण झाला, आणि वंशावळीत 1795 ते 1966 मधली माणसं कोण, याचा हिशेब लागेनासा झाला. मालिकेने पुढे केलेल्या 1897 च्या आणि 1840 च्या सफरींनी तो आणखी बिघडवला. कोणी चोख वही ठेवली असती तर यातलं निम्मं टळलं असतं. भाग क्रमांकांची वही मात्र कडक होती: एखाद्या दिवशी मालिका दाखवली गेली नाही तर तो क्रमांक वगळायचे, म्हणजे शुक्रवारच्या भागाचा आकडा 0 किंवा 5 वरच संपेल. म्हणून शेवटच्या भागाचा क्रमांक 1245 आणि प्रत्यक्ष भाग 1225. गावाच्या जन्ममृत्यूंना अशी शिस्त मिळाली नाही.

परतल्यावर

1 एप्रिल 1968. फासाच्या क्षणी व्हिक्टोरिया परत येते. दिवाणखान्यात काही मिनिटंच गेलेली असतात. तिकडे फाशी गेली ती फिलिस विक. गाव दिसायला तेच, पण प्रेक्षकासाठी ते आता दुमजली झालेलं. ओल्ड हाउसच्या चुलीपाशी बार्नबस उभा राहिला की त्याच्यामागे त्याची आई दिसते. काही आठवड्यांतच रॉजर नवी बायको घेऊन येतो, कॅसांड्रा, काळे केस, आणि चेहरा अँजेलिकचा. दुपारी शाळेतून धावत घरी येणाऱ्या मुलांच्या पिढीला मालिका लागली ती या दिवसांत.

किंमतही मोजावी लागली, आणि ती गावाने मोजली. 1966 मध्ये जो हॅस्केल नावाचा तरुण स्वतःची होडी घेण्यासाठी पैसे साठवत होता. बर्क डेव्हलिन कॉलिन्सांची माणसं फोडून कारखाना गिळायला बघत होता. बिल मॅलॉय हा कारखान्याचा माणूस मेला तेव्हा ते गावाचं नुकसान होतं, नुसतं प्रेत नव्हतं. भूतकाळाच्या सफरी चालू झाल्यावर कारखाना बोलण्यातूनही गेला. कोणी कामावर जाईना. मासळीचा वास, पगाराचा दिवस, हंगाम, सगळं गेलं. उरली हवेली, दफनभूमी आणि धक्का, आणि धक्काही माणसांवर हल्ला व्हायला. कॉलिन्सपोर्टची भुतं सर्वांत भीतीदायक होती ती गावात काम चालू होतं तेव्हा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं; जोसेट तसबिरीतून उतरली तेव्हा खाली कारखान्याचा भोंगा होता आणि दोन्ही गोष्टी एकाच गावात खऱ्या होत्या. लोकप्रियता मात्र नंतरचीच जास्त, हेही तितकंच खरं.

2 एप्रिल 1971 ला मालिका संपली, तीही मूळ कॉलिन्सपोर्टमध्ये नाही. 1841 मधल्या एका समांतर काळात, वेगळ्याच कॉलिन्स कुटुंबात. एलिझाबेथ, रॉजर आणि त्याचा मुलगा डेव्हिड यांचं शेवटी काय झालं ते पडद्यावर आलं नाही. या मालिकेवरून निघालेल्या 2012 च्या चित्रपटासाठी इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत बंदर, रस्ता, दुकानं आणि पाण्याचा हौद असलेलं पूर्ण कॉलिन्सपोर्ट बांधलं गेलं. गावाला रस्ता मिळाला तो 46 वर्षांनी.

त्या काळच्या बहुतेक दैनंदिन मालिकांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. ही मालिका जवळपास अखंड उरली आहे. चित्र नाही ते एकाच भागाचं, 1219व्या. त्याचा आवाज तेवढा आहे, एका प्रेक्षकाने घरी टीव्हीसमोर ध्वनिमुद्रित केलेला. त्यावर इतर भागांतली स्थिरचित्रं आणि निवेदन लावून तो पाहण्याजोगा केला आहे.